मामाचं एक वाक्य

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही, देवापुढे हात जोडल्यावरही नाही — तिथंही मी दुसरंच काहीतरी मागून उठते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुमच्यापुढे तोंड उघडेल. उघडेल का? बघते.

आधी माझं काम सांगायला हवं. मी वेबसाइटसाठी मजकूर लिहिते. रामनगरला घरी बसून लिहिते, ऑफिस बेळगावात. टाइल्सचं दुकान, दातांचा दवाखाना, लग्नाचा हॉल, केसांचं तेल — ज्याची वेबसाइट त्याची मी भाट. लोक मोबाइलवर जे शब्द टाकून शोधतात ते शब्द मजकुरात पेरायचे, म्हणजे शोधणाऱ्याला आपलं पान वरती दिसतं. त्या शब्दांना आमच्यात कीवर्ड म्हणतात. पेरायचे, ओतायचे नाहीत. कामाला लागले तेव्हा पहिलं हेच शिकवलं होतं. एकच शब्द पुन्हा पुन्हा कोंबला की वाचणारा वैतागतो, आणि शोधून देणाऱ्या यंत्रालाही ती लबाडी कळते, ते पान खाली ढकलून देतं. आमच्या सीनियर बाई म्हणायच्या, प्रत्येक वाक्याला विचारत जा, तू माणसासाठी आहेस की यंत्रासाठी. पुढं नव्या मुली आल्या तेव्हा हे सगळं मीच त्यांना शिकवायला लागले. भाजीत मीठ जेवढं, तेवढाच कीवर्ड — हे माझं स्वतःचं वाक्य. सांगताना मी फार शहाणी दिसायचे.

तेव्हा मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. एवढं आधीच सांगून ठेवते.

आता मामा. आईचा थोरला भाऊ. कॅसलरॉक स्टेशनापासून आत जंगलात कच्चा रस्ता जातो, तो एका व्हाळाशी संपतो. व्हाळ म्हणजे ओढा. त्याच्या पल्याड चढावर मामाचं घर, भाताची चार वाफ्यांची शेती, मागं डोंगर. व्हाळावर दिवाळीनंतर लाकडाचा साकव घालतात, पावसाळ्यात तो वाहून जातो, पुन्हा दिवाळीनंतर घालतात. मधले महिने पाण्यातूनच चालायचं.

आणि तिथं एक रीत आहे. पाहुण्यानं अल्याडच्या जांभळीखाली उभं राहायचं आणि लांब हाक मारायची. मग घरातलं कुणीतरी काठी घेऊन खाली उतरतं, पाहुण्याचा हात धरतं आणि त्याला पल्याड आणतं. हे फक्त पावसात नाही हं. मार्च महिन्यात साकव असतो, पाण्यात घोटाही बुडत नाही, तेव्हासुद्धा. नवी नवरी असो, शाळेचे मास्तर असोत, फॉरेस्टचा गार्ड असो — जांभळीखाली थांबायचं. पाहुणा आपला आपण दारात आला तर घराला कमीपणा. गावात लग्न असलं की नवरीला हात धरून आणायचा मान मामाचा असायचा, कारण त्याचा पाय कधी सरकला नाही असं सगळे म्हणायचे.

मला मात्र लहानपणी त्याची लाज वाटायची. शाळेतल्या मैत्रिणींना एकदा आजोळी नेलं होतं, तर त्या जांभळीखाली उभ्या राहून हसून हसून बेजार झाल्या. एवढंसं पाणी, आणि न्यायला माणूस! मीही हसले होते त्यांच्याबरोबर. मामा हात पुढं करून उभा होता.

कशी रेंगाळतेय बघा मी. मुद्द्यावर यायचं सोडून जांभळी आणि मैत्रिणी.

मामाचा मुलगा गोव्यात एका हॉटेलात कामाला. इकडं काय आहे म्हणून गेलेला. पण आमच्या भागात होमस्टे सुरू झाले — दांडेलीकडं, कुळगीकडं, मग कॅसलरॉकलाही — तेव्हा मामाच्या मनात आलं की पाहुणे यायला लागले तर पोरगा परत येईल. त्यानं घराच्या बाजूला दोन खोल्या काढल्या, न्हाणीघराला टाइल्स बसवल्या आणि एक दिवस सकाळच्या गाडीनं आमच्याकडं आला. माझं लग्न व्हायचं होतं तेव्हा, मी आईपाशीच राहायचे. म्हणाला, तू त्या इंटरनेटात लोकांचं लिहितेस, आमचंही लिही.

काय सांगू, मी हरखून गेले. आमच्या घरी माझ्या कामाला काम कुणी म्हणतच नव्हतं. आई शेजारी सांगायची, पोरगी टायपिंग करते. आता मामाचं पान मी असं वरती आणीन की सगळ्यांनी बघावं, असं मला झालं. आई स्वयंपाकघरात होती, आम्ही दोघं पुढच्या खोलीत. मी विचारायचे, मामा सांगायचा. धनेश पक्षी कधी दिसतात, मुडलीच्या कंदाची भाजी मामी कशी करते, उन्हाळ्यात पाणी कुठलं. सगळं मी विचारलं म्हणून त्यानं सांगितलं. एकच गोष्ट त्यानं आपणहून सांगितली. खुर्ची पुढं ओढली आणि माझ्या बोटांकडं बघत सांगितली.

“हे मातर लिव बाय. व्हाळाच्या अल्याड थांबायचं, हाक मारायची, आमी न्यायला येतो. आपल्या मनानं पाण्यात उतरायचं न्हाई.”

मी ते इंग्रजीत लिहिलं. चांगलं लिहिलं होतं, खरंच. त्यानं वाचायला लावलं, अर्थ विचारला, मी मराठीत सांगितला. मग तो निवांत मागं टेकून चहा प्याला. मामाला इंग्रजी येत नाही. मी वाचलेलं त्याला पुरेसं होतं.

तो गेल्यावर मी पान पुरं करायला बसले. आमच्याकडं एक सोय असते — मजकुरात कीवर्ड किती वेळा आला ते मोजून कोपऱ्यात एक ठिपका दाखवते. लाल, नारिंगी, हिरवा. आमचा कीवर्ड होता ‘होमस्टे निअर कॅसलरॉक’. ठिपका नारिंगी होता. मी दोनतीन ठिकाणी तो शब्द घातला, तरी नारिंगी. मग नजर व्हाळाच्या परिच्छेदावर गेली. बराच मोठा, आणि त्यात कीवर्ड कुठंच बसेना. शिवाय ‘पाण्यात उतरू नका’ हे वाचून शहरातली माणसं बिचकतील, असंही मनात आलं. आणि ती हाक मारायची रीत — ती मला आता, शिकूनसवरूनही, थोडी गावंढळ वाटली. हो, वाटली.

मी तो परिच्छेद काढून टाकला.

त्याच्या जागी काय लिहिलं सांगू? ‘आमच्या होमस्टे निअर कॅसलरॉकला पोचणं अगदी सोपं. सोपी वाट असलेला होमस्टे निअर कॅसलरॉक शोधताय? मग हाच तुमचा होमस्टे निअर कॅसलरॉक.’ लिहिताना मलाच हसू आलं होतं. ठिपका हिरवा झाला. तरी माझे हात थांबले नाहीत, आणखी घातलंच. मुलींना जे करू नका म्हणून सांगायचे ते सगळं मी माझ्या मामाच्या पानावर केलं. आणि ‘सोपी’ हा शब्द तर मला कुणी सांगितलाच नव्हता. तो माझा.

मनाशी म्हटलं, व्हाळाचं खाली कुठंतरी नियमांत टाकू. टाकलं नाही. विसरले का? नाही. पान उघडलं की दरवेळी आठवायचं. बघू, म्हणायचे.

सुरुवातीला मामा पाहुण्यांना फोनवर स्वतः सांगायचा. पण तिथं रेंज मिळायला घरामागचा डोंगर चढायला लागतो, आणि वर गेलं तरी आवाज तुटतो. एकदा असाच तो दमून आलेला असताना मी तिथं होते. मी म्हटलं, कशाला दरवेळी घसा कोरडा करता, सगळं पानावर लिहिलंय की, लिंक पाठवली म्हणजे झालं. लिंक कशी पाठवायची तेही मीच शिकवलं. मामा खूश झाला. सगळ्यांना सांगत सुटला, आता आमच्या भाचीनं सगळं लिहून ठेवलंय.

बघितलंत? हे मी केलं. परिच्छेद काढला, आणि मग माणसाचं तोंडही बंद केलं.

दसऱ्याच्या सुट्टीत हुबळीकडचं एक जोडपं आलं. गाडीवाल्यानं त्यांना व्हाळाशी सोडलं आणि तो परत गेला. खाली ऊन होतं. वर डोंगरात पाऊस पडून गेलेला, पण ते त्यांना कसं कळणार? पाणी थोडं गढूळ होतं एवढंच. पल्याड घराचं छप्पर दिसत होतं. नवरा म्हणाला, मी आधी बॅगा ठेवून येतो.

मामा त्या वेळी पडवीत बसलेला. मामीनं पाणी तापत ठेवलं होतं, काठी दाराशी काढून ठेवली होती. तो हाकेची वाट बघत होता. उशीर होतोय म्हटल्यावर गाडी रखडली असेल असं त्यांना वाटलं. हाक आली नाही म्हणून तो उठला नाही. ती बाई ओरडली ती नंतर, पाण्याचा लोंढा आल्यावर. मामा धावला, कमरेएवढ्या पाण्यात शिरला. उपयोग झाला नाही. तो माणूस दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर मुळांत अडकलेला सापडला.

आई आणि मी पोचलो तेव्हा ती बाई मामाच्या अंगणात बसलेली होती, मामीचं लुगडं नेसून, तिचे कपडे दोरीवर. मामीनं मला तिच्याजवळ बसवलं, कारण मला कानडी चांगलं येतं. तीच बोलली. म्हणाली की पान त्यांनी नीट वाचलं होतं, दोघांनी मिळून. तेच तेच फार लिहिलेलं म्हणून नवरा हसलाही होता. पण वाट सोपी आहे हे त्यात सारखं येत होतं. हाक मारली नाहीत का, असं मी विचारलं. कुणाला हाक मारायची? मारायची असते हे कुणी सांगितलं असतं तर थांबलो असतो, म्हणाली. आम्हाला घाई कुठं होती.

ते पान मी लिहिलंय हे तिला माहीत नव्हतं. मी तिला सांगितलं नाही. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तो हात मी अजून कुठं ठेवावा ते मला कळत नाही.

घरी येऊन मी ते पान पुसून टाकलं. पुसायच्या आधी एकदा शोधून बघितलं, तर ते केव्हाच खाली गेलेलं. अति झालं होतं. आमच्या बाई सांगायच्या तसंच झालं होतं. म्हणजे ज्याच्यासाठी मी ते वाक्य काढलं, तेही मला मिळालं नाही.

पुढं चौकशी झाली, खोल्यांना कुलूप लागलं. पानाबद्दल मला कुणीच विचारलं नाही. गावानंही मामाला तोंडावर काही म्हटलं नाही. पण पाहुणा दाराशी आलेला असताना हा घरात बसून राहिला, एवढंच लोकांच्या मनात राहिलं. त्या वर्षी गावात लग्न झालं तेव्हा नवरीला आणायला दुसऱ्याला पाठवलं. मामा मांडवात पाट मांडत होता. त्यानं तिकडं बघितलंही नाही.

इथंपर्यंतचं कदाचित मी कधीतरी कुणाला तरी सांगितलंही असतं. रडले असते, हलकी झाले असते. चूक झाली, जीव गेला, माझी झोप गेली — असं म्हणता आलं असतं. पण मला सांगायचं आहे ते हे नाहीच. ते पुढंच आहे.

मामा आमच्याकडं आला. खोल्यांना कुलूप लागल्यावर थोड्याच दिवसांनी, त्याच सकाळच्या गाडीनं. वाळला होता. आईनं पाणी दिलं ते त्यानं तसंच धरून ठेवलं. त्याच खुर्चीवर बसला होता.

“बाय, येक इचारतो. त्या व्हाळाचं मी तुला सांगितल्यालं न्हवं? अल्याड थांबायचं, हाक मारायची — लिव म्हटलं हुतं न्हवं मी?”

आई दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. त्याच्या आवाजात आरोप नव्हता, हे मला तुम्हाला सांगायलाच हवं. तो मला धरायला आलाच नव्हता. आपल्याला आठवतंय ते बरोबर आहे का, एवढंच त्याला हवं होतं. मी हो म्हटलं असतं तर तो काय म्हणाला असता? मला वाटतं, तो काहीच म्हणाला नसता. गुपचूप उठून गेला असता, आणि आयुष्यभर कुणाला सांगितलं नसतं.

“न्हाई मामा,” मी म्हटलं. “तसलं काय तुमी सांगितलं न्हवतं. सांगितलं असतं तर मी लिवलं नसतं व्हय?”

बघा, नुसतं नाही म्हणूनही माझं भागलं नाही. वर ती पुस्ती जोडली. आणि आवाजात थोडं दुखावल्यासारखं आणलं. कुठून सुचलं असेल मला ते?

मामा माझ्याकडं बघत होता. मग त्याचा चेहरा हळूहळू सैल पडला. म्हणाला, “व्हय की. तू कशाला लिवायचं ठेवशील. मग मीच इसरलो म्हणायचं.” आईनं निःश्वास सोडला. ती जेवायला वाढायला आत गेली.

त्या दिवसापासून मामानं ते सगळ्यांना सांगायला सुरुवात केली. मीच सांगायचं विसरलो, माझ्यामुळं तो पाहुणा गेला. गाव ऐकून घेऊ लागलं. मुलगा गोव्याहून आला, चार दिवस राहिला आणि परत गेला. आणि मग हळूहळू मामाचा स्वतःवरचा भरवसाच गेला. गुरं आत घेतली का, हे तो मामीला विचारतो, आणि घेतलेली असतात. बियाणं कुठल्या कणगीत ठेवलं ते बरोबर सांगतो आणि मग म्हणतो, पण माझं काही खरं नाही, बघून या. जंगलात एकटा जाणं सोडलं. ज्या वाटा त्याच्या तळपायाला पाठ होत्या, तिथं उभा राहून विचार करतो. आई म्हणते, वय झालं. डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, तसं काही दिसत नाही. दिसणार नाहीच. त्याचं डोकं शाबूत आहे. त्याला जे आठवत होतं ते खरं होतं, अक्षर न् अक्षर. ते खोटं आहे असं मी त्याला सांगितलं, आणि त्यानं त्याच्या डोक्यापेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवला.

मी अजून तेच काम करते. मुलींना अजून शिकवते, मीठ जेवढं तेवढंच. ‘सोपी’ हा शब्द मात्र लिहिता येत नाही, बोटं थांबतात. कधी खोबरं खवताना ते वाक्य डोक्यात सुरू होतं, होमस्टे निअर कॅसलरॉक, होमस्टे निअर कॅसलरॉक, आणि बंदच होत नाही. त्यानं काय होतं? काही नाही. मामाला त्याचा काय उपयोग.

यंदा गणपतीच्या चवथीला आम्ही आजोळी गेलो होतो. नवरा आणि मी जांभळीखाली थांबलो, नवऱ्यानं हाक मारली, आणि मामीच आली खाली आम्हाला न्यायला. मामा आता व्हाळात उतरत नाही. जेवणं झाल्यावर तो माझ्याशेजारी येऊन बसला. हल्ली तो असा बसतो माझ्यापाशी. जुन्या गोष्टी विचारतो, आजीचं बारावं कधी झालं, तांबडी गाय कुणाला दिली. मी सांगेन ते धरून चालतो. म्हणतो, हिच्या ध्यानात सगळं राहतं.

“बाय,” तो हळूच म्हणाला, “त्या दिवशी त्या मानसांनी हाक मारली हुती काय गं? मी ऐकली, आन ऐकून बी बसून ऱ्हायलो — असं तर न्हवं?”

कुणी हाक मारली नव्हती. त्या बाईनं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. हे माहीत असलेलं त्या घरात माझ्याशिवाय कुणी नाही. आणि एवढं सांगितलं असतं तरी माझं बिंग फुटणार नव्हतं, पहिलं खोटं जागच्या जागी राहिलं असतं. तो माझ्याकडं बघत होता.

“मला काय ठाव मामा,” मी म्हटलं. “मी कुठं हुते तितं.”

त्यानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला.

“ऐकली असंल मग,” म्हणाला.